रोडग्यांवर विकलेली जमीन

"बाई, तुम्ही या जमिनीच्या धंद्यात कशा पडलात?" असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक माझा सासरा असतो, नाहीतर एखादा आमदार. बाईमाणसानं प्लॉट विकायचे म्हणजे मागं कोणीतरी उभा असणारच, हा आपल्याकडचा हिशेब. मी सांगते, रोडग्यांमुळे. मग ते हसतात, आणि मला पुढचं सांगायचा कंटाळा येतो. आज सगळं लिहून टाकते. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी एवढं सांगायला हवं की रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा, घड्या घालून वळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या विस्तवात खरपूस भाजायचा, राख झटकायची, हातानं फोडायचा आणि तुपात भिजवायचा. सोबत वांग्याची तिखट रस्साभाजी आणि घट्ट वरण. हे घरातल्या चुलीवर होत नाही. त्याला उघडं शेत लागतं, झाड लागतं आणि दहापाच माणसं लागतात. आमच्याकडे नवस फेडायचा तर रोडगे, पाहुणे आले तर रोडगे, आणि आमच्या घराचा पायाही रोडग्यांनीच घातला.

तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा कापडगिरणीत हजेरी कारकून होते. गिरणीचा भोंगा झाला की गल्लीतली निम्मी दारं एकदम उघडायची, आणि सायकलींच्या साखळ्यांचा करकर आवाज कोपऱ्यापर्यंत जाऊन विरायचा. अंगणात पाच बिऱ्हाडांत एक नळ. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, पण तो यायच्या आधी खर्रखर्र करून खाकरायचा. ते खाकरणं ऐकून माझी आई झोपेतून उठून घागर घेऊन धावायची. घरमालकीण वरच्या गच्चीवरून पाहत राहायची की कोणी जास्तीची बादली भरतं की काय. आई एकदा मला म्हणाली, "सुमे, माह्या जन्मात मले एक दार पाह्यजे, जे म्या लावलं का लागलं अन् उघडलं का उघडलं." मी मॅट्रिक होऊन घरीच बसले होते. मला वाटायचं, दाराचं काय एवढं. आता चाव्यांचे जुडगे उशाशी घेऊन झोपते तेव्हा तिचं ते वाक्य आठवतं.

आईच्या हाताला चव होती. हे प्रत्येक लेक आपल्या आईबद्दल म्हणते, पण माझ्या आईचं गल्लीनं म्हटलेलं आहे. तिचा गोळाभात, तिच्या पाटवड्या, अंबाडीच्या भाजीवर तिनं दिलेली लसणाची फोडणी, सगळ्यांची नावं निघायची. पण रोडगे म्हणजे तिचं राज्यच. कोणाचा नवस असला की तिला बोलावणं यायचं. असंच एका कुटुंबाचा नवस फेडायला आम्ही हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका देवीच्या ठाण्यावर गेलो होतो. शेजारच्या शेतात पांढरे गोटे ओळीनं मांडलेले आणि त्यांच्यामधून चुन्याच्या रेघा मारलेल्या. मला वाटलं, कबड्डीचं मैदान आहे. शेताचे मालक नामदेवराव. उंच, काळेसावळे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. ते जेवायला बसले आणि दोन रोडगे खाऊन झाल्यावर आपलं दुःख सांगू लागले. शेताचा लेआउट पाडला होता, म्हणजे जमीन घरांसाठी तुकड्यातुकड्यांत कापून विकायला काढली होती. पण तुकडे जात नव्हते.

"काय सांगू बाई, लोकं येतेत, पाहतेत, अन् जातेत. म्हनतेत, इथं त कोल्हे राहतीन."

आई वांग्याच्या भाजीत डाव फिरवत होती. वर न पाहता म्हणाली, "उभ्या माणसाले जमीन इकत नसतेत, भाऊ. त्याले बसवा, जेऊ घाला. पोट भरलं का मंग दिसते त्याले तिथं घर."

"जेऊ घालन कोण?"

"मी घालीन. गहू तुमचे, वांगे तुमचे, हात माहे. मले काय देसान ते बोला."

बाबा तिथं असते तर त्यांना ठसका लागला असता. मलाच लागला. पण नामदेवरावांनी टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, "पंधरा घरं आणा. सोळावा प्लॉट तुमचा. बिनपैशाचा. कोपऱ्याचा देईन." कागद नाही, सही नाही. आई हात धुवून म्हणाली, "ठरलं." माझ्या धंद्यातला मी पाहिलेला पहिला सौदा तो. त्यानंतर वकिलांनी तपासलेले कितीतरी करार मी मोडताना पाहिले, म्हणून तो जास्त लक्षात राहिला.

मग आमचे रविवार सुरू झाले. सकाळी हिंगण्याच्या बसनं आई, मी, कणकेचा डबा आणि दोन कुटुंबं. कधी गल्लीतली, कधी गिरणीतल्या कोणाची, कधी आईच्या माहेरची. फाट्यावर नामदेवरावांची बैलगाडी उभी असायची. गोवऱ्या रचायच्या, भाजीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायचं आणि धूर वर जाऊ लागला की आई मला खूण करायची. मग माझं काम. मी पाहुण्यांना त्यांच्या प्लॉटमध्ये न्यायची आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत खोल्या काढायची. ही बैठक, ही झोपायची खोली, इकडे स्वयंपाकघर, मागं तुळस. पुरुष रस्त्याची रुंदी विचारायचे, कागद विचारायचे, खिशावर हात ठेवून उभे राहायचे. बाया मात्र थेट मी काढलेल्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या. एक तर म्हणाली, "चूल इकडे पाह्यजे वं, वारा तिकडून येते," आणि मला रेघ पुसून पुन्हा काढायला लावली. जेवायला हाक मारली तर त्या तिथून हलेनात. मग आईनं एक युक्ती काढली. पत्रावळी तिथंच मांडायच्या, ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात. आपल्या न झालेल्या घरात बसून गरम रोडगा खाल्लेली बाई परत जाताना बसमध्ये नवऱ्याशी बोलत नसे. तो बिचारा आठवड्यात बयाणा घेऊन यायचा. जमीन बाया घेतात आणि पुरुष सह्या करतात, हे मी तेव्हा शिकले, आणि माझ्या मुलाला अजून शिकवते आहे. तो लॅपटॉपवर फिरत्या घरांची चित्रं दाखवतो. चित्रं छान असतात, पण त्यांना वास नसतो.

बाबा एकदाही आले नाहीत. ते रविवारी सकाळी दाढी करायचे, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि आम्ही निघालो की चष्म्यावरून पाहायचे. "जमीन म्हनजे कोर्ट," ते म्हणायचे. "माह्या बापाची अर्धी जिंदगी कोर्टाच्या ओट्यावर गेली. तुमी खुशाल रोडगे करा, मले त्यात घेऊ नोका." बाबा मूळचे काटोलकडचे. त्यांची आई ते लहान असतानाच गेली आणि थोरल्या वहिनीनं त्यांना वाढवलं. ती माझी मोठी आई. गावी त्यांचा संत्र्याचा बगीचा होता, आणि हंगामात तिच्याकडून टोपलीभर संत्री यायचीच. बाबांनी आईशी वाद घातलेला मी ऐकला आहे, साहेबांशी घातलेलाही ऐकला आहे. वहिनीसमोर मात्र ते खुर्चीवर बसत नसत.

घरं जमत गेली, पण सगळे जाताना एकच प्रश्न विचारायचे, पाण्याचं काय? स्वयंपाकाला पाणी आम्ही गाडीवर ड्रममध्ये आणत होतो. ते पाहून बायांचे चेहरे उतरायचे. आईनं ओळखलं की विहीर झाल्याशिवाय शेवटची घरं यायची नाहीत. नामदेवराव म्हणाले, माणसं मी देतो, दगडकामाचं तुम्ही पाहा. मग आईनं मोडायला गळ्यातली सोन्याची एकदाणी काढली. ती तिच्या आईनं दिलेली होती आणि माझ्या लग्नात माझ्या गळ्यात पडणार होती. मला तिनं विचारलं, "देऊ काय?" मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईट वाटलं. एकदाणी मला फार आवडायची, आरशासमोर मी ती चोरून घालून पाहिलेली होती.

विहीर ईशान्येच्या कोपऱ्यात असावी, ही आपल्याकडची रीत. म्हणून आमच्यासाठी राखलेल्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात, गोट्यापासून थोडं आत, आईनं नारळ फोडला. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, मग खडक. खोदणारे वर येताना पांढरेफटक होऊन यायचे. एका दुपारी खालून ओरड आली, "लागलं! लागलं!" आम्ही काठावर धावलो. खाली खडकाच्या फटीतून पाणी पाझरत होतं. आईनं आधी कुंकू वाहिलं आणि मग तिथंच मटकन बसून रडली. त्या पाण्याची चव मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. आज त्या भागात चार मजली इमारती आहेत, विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि जाळीवर स्कूटर उभ्या असतात. पाण्याचे टँकर येतात.

विहिरीला पाणी लागून थोडे दिवस झाले असतील. आम्ही लेआउटवर गेलो तर एक बाई सायकलला टेकून उभी. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्या गजभिये सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आमच्या शेजारचा, पूर्वेकडचा प्लॉट त्यांनी आमच्या रोडग्यांच्याही आधी, स्वतः येऊन, हप्त्यानं घेतला होता. आता घर बांधायचं म्हणून त्या मोजणीदाराला घेऊन आल्या होत्या. तो माणूस नकाशा पसरून रस्त्याच्या कडेपासून साखळी टाकत आला. एकेक गोट्यापाशी थांबून मान हलवू लागला. हा गोटा इकडे सरकलेला, तो तिकडे. शेवटी विहिरीपाशी आला, नकाशा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "विहीर सिस्टरच्या प्लॉटात आहे. चांगली आत आहे."

नामदेवराव म्हणाले, असं कसं होईल, गोटे मी स्वतः रोवले. तेव्हा आईचा चेहरा मी पाहिला. ती हळूच म्हणाली, "गोटे म्या उचलले, भाऊ." आणि मलाही एकदम उजेड पडला. दर रविवारी भाजीचं गंज ठेवायला तीन दगड लागायचे. शेत काळ्या मातीचं, दगड आणायचे कुठून? हद्दीचे गोटे छान गोल आणि एका मापाचे होते. आम्ही ते उचलायचो, त्यांची चूल करायचो, आणि निघताना अंदाजानं परत ठेवायचो. मग नामदेवरावांचा गडी सोमवारी येऊन गोटे जिथं असतील तिथून नवीन चुना ओढायचा. भाजीमागून भाजी शिजत गेली आणि आमचा प्लॉट सिस्टरच्या प्लॉटात चालत गेला. नामदेवरावांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू फुटलं. मोजणीदारही हसला. सिस्टर हसल्या नाहीत.

"सिस्टर, रागावू नोका," आई म्हणाली.

"मी रागावली नाही. मी इचार करून राहिली." त्या विहिरीच्या काठावर गेल्या, वाकून पाहिलं. "पाणी लागलेली विहीर बुजवाची नसते. ठेवते मी. तुमी पैसे घातले, तं पाणी तुमी घ्या, मनात येईन तेवढं. फक्त एक सांगते. कोणी इचारलं विहीर कोणाची, तं माहं नाव सांगाचं. 'आमची' म्हनाचं नाही, 'नामदेवरावची' म्हनाचं नाही, अन् गप्पही बसाचं नाही."

"काहून एवढं?" आईनं विचारलं.

"माही आजी गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन सकाळपासून बसून राहे. हात लावाचा नाही. कोणाले दया आली तं वरून पाणी ओतीन. मी लहान होती, मीही बसली आहे तिच्याजवळ." हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथंच नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म घेतला होता. ते आम्हाला आडनावावरूनच कळलं होतं, आणि आम्हाला कळलं आहे हे त्यांना.

आई म्हणाली, "सांगीन." तिनं शब्द लगेच दिला. गोट्यांची लाज तिला इतकी वाटत होती की तिनं काहीही कबूल केलं असतं. पण बसमध्ये ती सारखी खिडकीबाहेर पाहत होती, आणि मला कारण माहीत होतं. आमच्याही घरी मोरीच्या वरच्या कोनाड्यात एक वेगळा कप असायचा, झाडायला येणाऱ्या बाईसाठी. तो कोणी ठेवला, केव्हापासून, कोणी कधी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर आईनं तो कप खाली काढून आमच्या कपांत ठेवला.  बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. पण शब्द पाळायची खरी वेळ घरात येणार नव्हती, पंगतीत येणार होती. चौदा घरं झाली होती. एक राहिलं होतं. नामदेवरावांना आता शहरातला एक मोठा माणूस उरलेले सगळे प्लॉट एकदम मागत होता. ते म्हणाले, "बाई, मी थांबलो तुमच्यासाठी. पन या रविवारापुढं नाही थांबता येत." विहीर गेली, एकदाणी गेली. पंधरावं घर आलं नसतं तर प्लॉटही गेला असता.

पंधरावं घर म्हणजे मोठी आई. तिच्या थोरल्या मुलाला नागपुरात नोकरी लागली होती आणि संत्र्याचा पैसा हातात होता. ती येणार म्हटल्यावर बाबांनाही यावंच लागलं. वहिनी उन्हात आणि दीर घरात वर्तमानपत्र वाचतो, हे त्यांच्यानं झालं नसतं. त्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मोठी आई नऊवारी लुगड्यात, दोन मुलगे, सुना आणि संत्र्याची टोपली घेऊन गाडीतून उतरली आणि आईला म्हणाली, "कुठी आणलं वं वेणू तू मले? हे काय नागपूर हो का?" पण धूर, भाजीचा वास, आंब्याची सावली, यांनी आपलं काम केलं. मी प्लॉटमध्ये अंगठ्यानं स्वयंपाकघर काढलं. मोठी आई त्यात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाली, "देवघर लहान केलं तू." मी देवघर मोठं केलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.  तिनं देवघराबद्दल बोलणं म्हणजे प्लॉट घेतल्यासारखंच होतं.

पंगत बसली. बाबा मोठ्या आईच्या शेजारी. आईनं फोडलेल्या रोडग्यांवर तूप ओतलं, वांग्याची भाजी वाढली. मोठ्या आईनं अर्धा रोडगा खाल्ला, पाणी प्याली, पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलून प्याली. "बाप्पा! किती गोड पानी आहे वं. आपल्या गावी बी असं नाही. ही तुही विहीर न, वेणू?"

आई हातात तुपाचं भांडं घेऊन उभी होती. "हो" म्हटलं असतं तर ते खोटंही धड नव्हतं. तिनेच खोदली होती, तिच्याच सोन्यानं बांधली होती. मी तिच्याकडे पाहत होते आणि, खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होते की आई, हो म्हण, आज फक्त हो म्हण.

"खोदली म्या," आई म्हणाली, "पन विहीर गजभिये सिस्टरची आहे. त्यांच्या जागेत आहे."

"गजभिये? कोणते गजभिये?"

"दवाखान्यात नर्स आहेत त्या. बाजूचा प्लॉट त्यांचाच."

आडनाव पुरेसं होतं.  मोठ्या आईनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला, पत्रावळ दूर सारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या सुना उठल्या, मुलगे उठले. धाकट्याच्या तोंडात घास होता, तो तसाच उठला. आईला तिनं एक शब्द सुनावला नाही. ती बाबांकडे वळली.

"शामा, ऊठ."

बाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात रोडग्याचा तुकडा होता, बोटांवरून तूप ओघळत होतं. "वहिनी," ते म्हणाले, "माहं जेवण व्हायचं आहे."

"मी उठली, अन् तू बसून राहिला?"

"बसून राहिलो, वहिनी."  मग त्यांनी आईकडे पाहिलं. "पाणी आण वं."

आईनं पेला भरून दिला. त्यांनी तो एका दमात प्याला, सगळ्यांसमोर, मोठ्या आईसमोर. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली आणि इतका अभिमान वाटला की रडू आवरेना. मोठी आई चालत बैलगाडीकडे गेली. संत्र्याची टोपली तिथंच राहिली. दिलेलं परत न्यायची त्यांच्याकडे रीत नव्हती. पण त्यानंतर काटोलहून आमच्याकडे कधी संत्री आली नाहीत. बाबा दर दिवाळीला जाऊन तिच्या ओसरीवर बसून यायचे. ती आतून बाहेर यायची नाही. ते घरी येऊन एवढंच सांगायचे, वहिनीची तब्येत बरी आहे. मला त्या बाईचा राग करता येत नाही. तिनं माझ्या बाबांना वाढवलं होतं, आणि बाबांना तिच्यावाचून करमत नव्हतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बाबांनी उरलेला रोडगा संपवला. हात धुतले. नामदेवराव आंब्याखाली मान खाली घालून बसले होते.

"नामदेवराव, किती घरं राहिले?"

"एक, भाऊ."

"मंग माहं नाव लिहा."

आई पुढं झाली. "अवो, पैसे?"

"गिरणीच्या सोसायटीतून काढीन. कापतीन पगारातून. मले रिटायर व्हायले अजून अवकाश आहे."

"अन् घरचं माणूस गिऱ्हाईक होते काय?" आईनं विचारलं. हे तिनं नामदेवरावांच्या वतीनं विचारलं, म्हणजे सौदा किती चोख पाहा. नामदेवरावांनी टॉवेल सोडला, पुन्हा गुंडाळला. "ठरवलं तवा घरचं चालत नाही असं मी बोललो नोतो, अन् तुमी इचारलं नोतं. पंधरा झाले, बाई." अशा रीतीनं ज्या माणसानं जमिनीला कोर्ट म्हटलं होतं तो जमीनदार झाला. एका प्लॉटवर पुढं आमचं घर झालं. दुसरा काही वर्षांनी मी विकला, आणि त्या पैशात कळमेश्वरकडे दोन घेतले. तिथून माझा धंदा. पण तो हिशेब पुष्कळांना ठाऊक आहे.

ऊन उतरलं. मी राख सारखी करत होते, आई विहिरीजवळ भांडी घासत होती आणि बाबा तिला पाणी काढून देत होते. गिरणीत हजेरी मांडणाऱ्या हातांना दोराची सवय नव्हती, बादली दर वेळी काठावर आपटत होती. तेवढ्यात सिस्टरची सायकल आली. ड्यूटी संपवून त्या सरळ इकडे आल्या होत्या. तिथंच राहिलेली संत्र्याची टोपली आणि पंगतीत अर्धवट टाकलेल्या पत्रावळी पाहून त्या थांबल्या. नर्स होत्या त्या, न सांगता कळलं असावं त्यांना. बाबांनी बादली खाली ठेवली. दोघांची ही पहिलीच भेट. बाबांनी ओले हात शर्टाला पुसले, इस्त्रीच्या शर्टाला, आणि त्यांना नमस्कार केला.

"सिस्टर, पाणी लय गोड आहे तुमच्या विहिरीचं."

 सिस्टर सायकलच्या मुठी घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या, विहिरीकडे पाहत. इतक्या रविवारांत त्या आमच्या पंगतीला कधी बसल्या नव्हत्या. आम्ही बोलावलं नव्हतं आणि त्यांनी मागितलं नव्हतं. मग त्यांनी सायकल आंब्याला टेकवली, चपला काढल्या आणि आईसमोर मातीवर येऊन बसल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "रोडगा उरला काय वं? मले भूक लागली."

आईनं राखेचे हात धुतले आणि नवीन पत्रावळ मांडली.